ग्वाल्हेरात जुनं लष्करी पदक हाती आलं तर : आधी कड वाचा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत एक तरी ट्रंक अशी निघते, जिच्या तळाशी जुन्या रुमालात बांधलेलं पदक असतं. कुणाचे पणजोबा शिंदे सरकारच्या फौजेत होते, कुणाचे मुरारच्या छावणीत. तशीच पदकं महाराज बाड्याच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडे, सराफ्यातल्या मोडीच्या डब्यात आणि आता मोबाइलवरच्या विक्रीच्या गटांतही दिसतात. विकणारा पदकाआधी कहाणी हातात देतो. “साहब, महाराज के ज़माने का है, खानदानी चीज़ है.” नवख्याने एकच पथ्य पाळावं. कहाणी ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि पदक उलटं करून त्याची कड वाचायला घ्यायची. विकणारा गप्पा मारत राहतोच. कडेवर काय कोरलंय ते मात्र त्याने बहुतेक वेळा वाचलेलंही नसतं.

खर्च फारसा नाही. दहा पट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग, एक डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, लोहचुंबक आणि बॅटरी. एवढ्यावर बहुतेक पदकांचा निकाल लागतो.

पहिली पायरी : ठशाचं की ओतीव

खरी पदकं टाकसाळीत पाडलेली असतात. पोलादी ठशांमध्ये धातूची चकती प्रचंड दाबाखाली दाबली जाते. त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि मधला मोकळा भाग सपाट, घट्ट आणि गुळगुळीत असतो. बहुतेक नकला ओतीव असतात. खऱ्या पदकावरून साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतायचा. ओतीव काम भिंगाखाली पटकन उघडं पडतं. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात, अक्षरांच्या मुळाशी धातू साचल्यासारखा वाटतो, राजाच्या दाढीमिशांचे केस एकमेकांत मिसळलेले असतात. कडेवर साच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा असतो, किंवा तो कानशीने घासून काढल्याच्या बारीक रेघा असतात.

इथे एक सावधगिरी. झिजलेलं पदक आणि ओतीव पदक यांत नवखा माणूस गोंधळतो. झीज उंच भागांवर आधी येते, म्हणजे राजाचा गाल, घोड्याची मांडी, मुकुटाचं टोक. खोलगट भागातली अक्षरं धारदारच राहतात. ओतीव नकलेत उंच आणि खोल दोन्ही भाग सारखेच बोथट असतात. ही एक गोष्ट डोळ्यांत बसली की निम्मं काम झालं.

ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून साच्यातून निघालेली नक्कल मूळ पदकापेक्षा किंचित लहान भरते. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल, दोन्हींचा व्यास सुमारे ३६ मिलिमीटर. कॅलिपरवर ३५ च्या आसपास आकडा आला तर हात आखडता घ्यावा.

दुसरी पायरी : धातू

सराफाकडे कसोटीवर घासून चांदी पाहून घ्यायचा मोह होतो. तसं करू नका, आणि आम्ल तर अजिबात लावू देऊ नका. पदकावर ओरखडा पडला की त्याची किंमत आणि त्याच्यावरचा पुरावा, दोन्ही गेले. आता हॉलमार्किंगवाल्यांकडे एक्सआरएफचं, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र असतं. ते वस्तूला धक्का न लावता पृष्ठभागाच्या धातूचं प्रमाण सांगतं.

घरीही करता येण्यासारखी एक युक्ती आहे. आधी रिबन काढून ठेवा आणि पदकाचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. पदक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असं धरा. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा कोरडं वजन ३१ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ३.० आला, तर भागाकार १०.३, ही पदकांची ९२.५ टक्के चांदी असू शकते. आकडा ३.५ आला तर भागाकार ८.९ च्या खाली, म्हणजे ‘जर्मन सिल्व्हर’ किंवा तांबं-निकेल, वर चांदीचा मुलामा असेल तरीही. पितळ ८.५ च्या आसपास येतं. बुडबुडे चिकटले असतील तर आधी हलवून काढा, नाहीतर उत्तर चुकतं.

आता याची उलट बाजू. चांदी नाही म्हणजे खोटं, असंही नाही. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असलं तरी मजूर तुकड्यांसाठी ते कांस्यातही पाडलं गेलं होतं. असं तांबूस पदक हाती आलं की विकणारा स्वतःच बिचकतो आणि “पॉलिश निघालंय” म्हणून स्वस्तात देऊन टाकतो. व्हिक्टरी मेडल तर मुळातच कांस्याचं. दुसऱ्या महायुद्धाचं इंडिया सर्व्हिस मेडल तांबं-निकेलचं. त्यामुळे आधी पदक कोणतं ते ओळखा, मग धातू तपासा. क्रम उलटा झाला की चांगल्या वस्तू हातच्या जातात.

लोहचुंबकाचं काम दोन सेकंदांचं. चिकटलं तर पुढे तपासायची गरज नाही. न चिकटल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही.

तिसरी पायरी : कड

ब्रिटिश काळातल्या बहुतेक युद्धपदकांवर, ती ज्याला दिली त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर असते. पदकाची खरी किंमत याच ओळीत असते आणि लबाडीही इथेच होते. पदक अस्सल पण नाव बदललेलं, हा प्रकार पूर्ण नकलेपेक्षा जास्त फसवा असतो, कारण धातू, वजन, ठसा सगळं बरोबर निघतं.

आधी कडेचा मजकूर कसा उमटवलाय ते पाहा. ठोकलेली अक्षरं, म्हणजे एकेक अक्षराचा छाप दाबून उमटवलेली, आतून सपाट तळाची असतात आणि त्यांच्या बाजूने धातू किंचित वर उचललेला दिसतो. हाताने कोरलेली अक्षरं म्हणजे छिन्नीने कापलेले चर. भिंगाखाली त्यांचा तळ निमुळता आणि चकचकीत दिसतो, आणि वळणावर छिन्नी थांबल्याची खूण असते. दोन्ही पद्धती अस्सल असू शकतात. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानी पदकांवर तिरकं, वळणदार कोरीव अक्षर सर्रास असतं; पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर ठोकलेली कॅपिटल अक्षरं असतात. आजच्या यंत्राने जाळून काढलेली अक्षरं मात्र सगळीकडे एकसारख्या खोलीची, करड्या तळाची आणि निर्जीव दिसतात. एकदा पाहिलीत की पुन्हा चुकत नाहीत.

मग कॅलिपर घ्या आणि पदकाचा व्यास चार-पाच ठिकाणी मोजा. जुनं नाव घालवायला कड कानशीने घासावी लागते. घासली की त्या बाजूने व्यास कमी होतो. एका दिशेने ३६.१ आणि दुसऱ्या दिशेने ३५.६ आलं, तर इथे काहीतरी होतं आणि ते काढलंय असं समजा. बॅटरी तिरकी धरून कड फिरवा. कधी कधी नव्या नावाच्या खाली जुन्या अक्षराची सावली दिसते, एखादा उभा दांडा किंवा अर्धगोल. अशी सावली सापडली की पुढचा सौदा ‘नाव बदललेलं पदक’ या भावाने करायचा किंवा करायचाच नाही.

काही पदकांवर मुळातच नाव नसतं. १९११ च्या दिल्ली दरबाराचं चांदीचं पदक, ज्याच्या पाठीमागे फारसी मजकूर आहे, ते नाव न घालताच दिलं गेलं. संस्थानिकांच्या मानकऱ्यांच्या घरात ते अजून निघतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या सहा टोकांच्या स्टार्सवरही नाव नसे. अशा पदकावर कुणी नंतर हौसेने नाव कोरून घेतलेलं असू शकतं. ती फसवणूक असतेच असं नाही, पण ते सरकारी नावही नाही.

चौथी पायरी : कडेवरची ओळ जुळते का

आता खरी मजा. कडेवरच्या शब्दांचा एकमेकांशी आणि इतिहासाशी मेळ बसतो का ते पाहायचं. त्यासाठी मोठा अभ्यास लागत नाही, थोडी माहिती आणि संशयी स्वभाव पुरतो.

पायदळातला साधा शिपाई ‘सेपॉय’, घोडदळातला ‘सोवार’. नाव सोवाराचं आणि पलटण पायदळाची असेल तर थांबा. जमादार आणि सुभेदार यांच्या पदकांवर सहसा नंबर नसतो, शिपाई-नाईक-हवालदारांच्या असतो. मराठा पलटणींचे जुने क्रमांक पाठ असले तर फार उपयोग होतो : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. यांतल्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूतच्या वेढ्यात होत्या; तो वेढा डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. १९२२ च्या फेररचनेत या सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या छत्राखाली आल्या. म्हणून ‘हा बिल्ला कूतमधला’ म्हणून कुणी पाचव्या मराठाचा बिल्ला दाखवला, तर बिल्ला खरा असेलही. कहाणी खरी नाही.

ग्वाल्हेरकरांसाठी खास. पहिल्या महायुद्धात संस्थानच्या इंपीरियल सर्व्हिस फौजाही, म्हणजे इंग्रजांच्या मदतीसाठी राखलेल्या पलटणीही, परदेशी गेल्या. तिसऱ्या ग्वाल्हेर इन्फन्ट्रीचे लोक नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाच्या लढाईत होते. अशांच्या पदकांवर पलटणीच्या जागी ग्वाल्हेरचं नाव येतं आणि असं पदक इथल्या संग्राहकाला सोन्याहून पिवळं. पण ‘१९१४ स्टार’ हे कांस्याचं पदक फक्त फ्रान्स आणि बेल्जियममध्ये ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात सेवा केलेल्यांना मिळालं. पूर्व आफ्रिकेत असलेल्याला ‘१९१४-१५ स्टार’ मिळणार. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ, नाव दोन्हींच्या पाठीवर. टांगाच्या लढाईतल्या माणसाचं नाव १९१४ स्टारवर निघालं तर ते नंतर कुणीतरी घातलेलं आहे.

एकाच पट्टीवर तीन-चार पदकं टाकलेली असतील तर प्रत्येकाची कड वेगळी वाचा. नंबर आणि नाव सगळीकडे एकच हवं. लहानसहान स्पेलिंगचा फरक चालतो, कारण इंग्रज कारकून आपली नावं ऐकतील तशी लिहीत. ‘Gunput’ आणि ‘Ganpat’ एकाच माणसाचे असू शकतात. नंबर वेगळे असतील तर ती जमवलेली मोळी आहे.

ग्वाल्हेर स्टार : घरच्या कहाणीला इथे धक्का बसतो

आपल्या गावाचं नाव असलेलं हे पदक, आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त भ्रम. “पणजोबांच्या पणजोबांना शिंदे महाराजांनी ग्वाल्हेर स्टार दिला” असं कुणी सांगितलं तर समजुतीने घ्या, पण ते तसं असू शकत नाही. हे पदक ग्वाल्हेरच्या फौजेला हरवणाऱ्यांना मिळालं.

फेब्रुवारी १८४३ मध्ये जनकोजीराव शिंदे वारले. जयाजीराव दत्तक आले तेव्हा लहान होते आणि दरबारात ताराबाई राणीसाहेब व दादा खासगीवाले यांचं प्रस्थ होतं. या घोळाचं निमित्त करून गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरोने कंपनीची फौज पाठवली. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी दोन लढाया झाल्या : महाराजपूरला सर ह्यू गॉफच्या हाताखाली आणि पनियारला मेजर जनरल ग्रेच्या. दोन्हींत शिंद्यांची फौज हरली. त्यांच्या ज्या तोफा हाती लागल्या, त्यांचं कांस्य कलकत्त्याच्या टाकसाळीत नेऊन त्यातून सहा टोकांचे तारे घडवले गेले. ताऱ्याच्या मधोमध चांदीचा छोटा तारा, त्यावर २९ डिसेंबर ही तारीख आणि भोवती ‘महाराजपूर १८४३’ किंवा ‘पनियार १८४३’ अशी इंग्रजी अक्षरं. आपल्याच तोफा वितळवून त्यांची बक्षिसी वाटली, हे वाचताना ग्वाल्हेरकराच्या कपाळावर आठी उमटणारच.

तपासताना बघायचं ते असं. मागची बाजू साधी असते आणि तिच्यावर नाव व पलटण तिरक्या कोरीव अक्षरात. सुरुवातीला हा तारा रिबनवर नव्हे, पाठीमागच्या आकड्याने (हुकाने) कोटावर अडकवायचा होता. नंतर पुष्कळांनी स्वतःच्या खर्चाने कडी लावून घेतली. म्हणून पाठीवर जुन्या आकड्याच्या डाखाची खूण दिसली, किंवा कड्या एकमेकींसारख्या नसल्या, तर ते खोटेपणाचं लक्षण नाही. उलट सगळे तारे एकाच चकाचक कडीचे दिसले तर मला जास्त शंका येते. मधला चांदीचा तारा वेगळा बसवलेला असतो. नकलेत तो बहुधा कांस्यासोबतच ओतून वर मुलामा दिलेला असतो. भिंगातून दोन धातूंमधली सीमारेषा शोधा. वेगळा बसवलेला तारा असेल तर सांध्यात बारीक काळी रेघ दिसते. मुलामा असेल तर रंग हळूहळू फिका होत जातो.

आणि शेवटी नाव कोणत्या लढाईशी जुळतं ते. गोऱ्या पलटणींपैकी ३९ वी आणि ४० वी महाराजपूरला होत्या, ३ री आणि ५० वी पनियारला. ताऱ्यावर पनियार आणि पाठीवर ३९ वी पलटण, असं जोडकाम कुणीतरी घाईत केलेलं असतं.

बिल्ले

टोपीच्या बिल्ल्यांवर सहसा नाव नसतं, म्हणून कड वाचायची सोय नाही. तिथे पाठ वाचायची. खरा बिल्ला पातळ पत्र्यावर ठशाने दाबलेला असतो, त्यामुळे पाठीमागे समोरच्या नक्षीचा खोलगट उलटा ठसा उमटलेला दिसतो. पाठ सपाट आणि जाड असेल तर बिल्ला बहुधा ओतीव आहे. मागच्या कड्या किंवा सरक-पट्टी जुन्या डाखाने जोडलेल्या हव्यात. डाखाभोवती झगझगीत पांढरा धातू असेल तर ती कालपरवाची कामगिरी.

मुकुटावरून काळ ठरतो, आणि इथे आपल्याकडच्या बिल्ल्यांसाठी एक हुकमी पान आहे. राजाचा मुकुट आणि राणी एलिझाबेथचा मुकुट यांचे आकार वेगळे : राजाच्या मुकुटाच्या कमानी वर गोलाकार जातात, राणीच्या मुकुटात त्या मधोमध खाली दबलेल्या असतात. भारत २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाला, मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. एलिझाबेथ गादीवर आली फेब्रुवारी १९५२ मध्ये. तेव्हा भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर एलिझाबेथचा मुकुट असायचं काही कारणच नाही. अपवाद चार गोरखा रेजिमेंटांचा, कारण त्या १९४७ नंतर ब्रिटिश सैन्यात गेल्या.

संस्थानी बिल्ल्यांवर शिंद्यांचा नाग दिसतो. नागाचा फणा, खवले यांची रेघ कशी आहे ते पाहा. सजावटीसाठी केलेल्या पितळी नकलांमध्ये तो नाग अगदीच गांडुळासारखा येतो.

ज्यांना हातच लावायचा नाही

व्हिक्टोरिया क्रॉस किंवा परमवीर चक्र बाजारात दिसलं तर ते नक्कल समजूनच पुढे चला. परमवीर चक्र आजवर फक्त २१ जणांना मिळालंय, आणि ते कुणाला कधी मिळालं ते शाळेतली मुलंही सांगतात. सावित्री खानोलकरांनी केलेली ती वज्रांची रचना सुंदर आहे, म्हणून तिच्या प्रतिकृती भेटवस्तूंच्या दुकानात मिळतात. प्रतिकृती म्हणून घेतली तर काही बिघडत नाही. ‘घरात सापडलं’ म्हणून कुणी देत असेल तर नको.

सेवेतली सध्याची पदकं आणि बिल्ले नवख्याने घेऊ नयेत. जवान असल्याचा आव आणायला ती अंगावर घालणं कायद्याने गुन्हा आहे. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात येते, म्हणजे १९१४-१८ च्या पदकांचा बराचसा भागही आता त्यात आला. ती परदेशी पाठवता येत नाही. मोबाइलवर लंडनहून गिऱ्हाईक आलं म्हणून पार्सल करायला जाऊ नका.

रिबन, कागद आणि घासणं

रिबनला नवखे फार महत्त्व देतात. रिबन झिजते, बदलली जाते; नवी रिबन असणं हा दोष नाही. अंधारात निळसर अतिनील बॅटरी मारली तर आजकालच्या धाग्याची रिबन पांढरीफटक चमकते. त्यावरून रिबन नवी एवढंच कळतं, पदकाबद्दल काही कळत नाही.

कागद असतील तर त्यांचं मोल पदकाइतकंच : पेन्शन बुक, डिस्चार्ज सर्टिफिकेट, पलटणीत काढलेला फोटो. फोटोत छातीवरच्या पदकांची संख्या आणि क्रम मोजा. कागद नसतील तर नंबर आणि पलटण हेच धागे. युद्धात मेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. ब्रिटिश काळातली बरीच शौर्यपदकं लंडन गॅझेटमध्ये छापली जात, तीही आता संगणकावर शोधता येतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे. घरच्या माणसाबद्दल नंबरासकट पत्र लिहून विचारता येतं. शोधताना नावाचं स्पेलिंग चार प्रकारे टाकून पाहा.

पदक घरी आणलं की आई-आजी हात पुढे करतात आणि देवाच्या भांड्यांसारखं पितांबरी किंवा चिंच लावून लख्ख करायला निघतात. त्यांना थांबवा. काळी झाक म्हणजे मळ नव्हे, ती वर्षानुवर्षं बसलेली असते. तीच घासली की अक्षरांची धार जाते आणि उद्या खरं-खोटं ठरवणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. फार तर कोमट पाण्यात बुडवून मऊ कपड्याने टिपा. प्लास्टिकच्या पातळ पाकिटात ठेवू नका, त्यातले रासायनिक द्रव्य चांदीवर हिरवट चिकटा आणतात. सुती कापडात किंवा कागदी पाकिटात ठेवा.

पैसे देण्याआधी कडेचे फोटो फिरवत-फिरवत सहा काढा, पुढचा-मागचा एकेक घ्या, व्यास आणि वजन वहीत टिपा. विकणाऱ्याकडून साध्या कागदावर का होईना पावती मागा, आणि तिच्यावर ‘जुनं मेडल’ एवढंच लिहून न घेता कडेवरचा नंबर आणि नाव जसंच्या तसं उतरवून घ्या. हे लिहायला जो दुकानदार टाळाटाळ करेल, त्याच्याकडून घ्यायचं पदक कितीही चमकदार असलं तरी परत त्याच्या डब्यात ठेवून चहा पिऊन निघावं.